रिव्हेट मोजा, पण अस्तरही पाहा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी, पवनचक्की आणि आगगाडीचे इंजिन या तीन वस्तू हमखास असतात. इंजिन पुठ्ठ्याचे असते, नाहीतर पत्र्याचे. धुराडे काळे, चाके लाल, आणि पुढे 'भारताची पहिली रेल्वे' अशी पाटी. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडसारख्या गावातल्या मुलाने ते केले असेल, तर त्याने वाफेचे इंजिन चालताना पाहिलेले नसणार हे उघड आहे. गावाला रूळ नाहीत. आगगाडी पाहायची तर मलकापूर गाठावे लागते, आणि तिथेही गाडीला विजेचे इंजिन. मग तो मुलगा इंजिन बनवतो कशावरून? पुस्तकातल्या चित्रावरून. ते चित्रही बहुधा एखाद्या खेळण्यावरून किंवा प्रतिकृतीवरून काढलेले असते. म्हणजे नकलेची नक्कल. प्रत्येक नकलेत मूळ वस्तूतले थोडे गळते आणि नसलेले थोडे चिकटते.

'एवढे काय त्यात, खेळणेच तर आहे' असे कोणी म्हणेल, आणि घरातल्या खेळण्याबद्दल ते बरोबरच आहे. पण प्रतिकृती शाळेत, संग्रहालयात किंवा स्टेशनच्या दर्शनी भागात पाटीसह मांडली गेली, की ती साक्षीदार होते. 'हे असे होते' असे ती सांगते. साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही.

रोहिणखेडजवळ १४३७ आणि १५९० साली दोन लढाया झाल्या. त्यांचा देखावा करायचा, तर बराचसा भाग कल्पनेवर सोडावा लागेल. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. प्रत्येक इंजिनाला कारखाना असतो, बांधणीचे साल असते, क्रमांक असतो, आराखडे असतात आणि कितीतरी इंजिनांची छायाचित्रेही असतात. इथे चूक झाली, तर ती शोधता येते. म्हणून छोट्या इंजिनांच्या खरेपणाचा प्रश्न हा केवळ छंदिष्टांचा नाही. पुरावा कसा वाचावा, याचा तो एक चांगला धडा आहे.

निसर्ग कुठे अडवतो

प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा वेगळी का होते, याची कारणे एकसारखी नसतात. पहिले कारण निसर्गाच्या नियमांत आहे.

स्वतंत्र भारताच्या मेल-एक्स्प्रेस गाड्या ओढणारे डब्ल्यूपी इंजिन अनेकांना आठवत असेल. बंदुकीच्या गोळीसारखे गोल नाक आणि त्यावर चांदणी. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून त्याची पहिली तुकडी आली आणि पुढे चित्तरंजनलाही ती बांधली गेली. टेंडरसह लांबी सुमारे २४ मीटर, वजन १७० टनांच्या आसपास. जगभर सर्वांत जास्त वापरले जाणारे प्रतिकृतीचे प्रमाण १:८७ आहे. त्या प्रमाणात हे इंजिन साधारण २७ सेंटीमीटरचे होईल. वजन मात्र ८७ पटींनी कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटल्यामुळे आकारमान सुमारे ६ लाख ५८ हजार पटींनी घटते. हिशेबाने इंजिनाचे वजन पाव किलोच्या थोडे वर भरते. एवढे हलके इंजिन रुळावर घसरते आणि डबे ओढत नाही, म्हणून त्याच्या पोटात जादा वजन भरावे लागते.

उष्णतेचेही तेच. वस्तू लहान झाली, की आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग वाढतो आणि ती लवकर निवते. नवजात बाळ मोठ्या माणसापेक्षा लवकर गारठते, त्यामागे हेच गणित आहे. म्हणून तर कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवायला सांगतात. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली योग्य आकारमानावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे हेच हॉल्डेन भारतात येऊन स्थायिक झाले. उंदीर हत्तीएवढा का होऊ शकत नाही, हे ज्याला समजले, त्याला तळहाताएवढे इंजिन वाफेवर नीट का चालत नाही तेही समजते. म्हणून त्या प्रमाणातल्या बहुतेक इंजिनांच्या आत विजेची मोटर असते.

वळणांचाही अडथळा आहे. खऱ्या ब्रॉडगेज मार्गावरचे अगदी तीव्र वळणसुद्धा सुमारे पावणेदोनशे मीटर त्रिज्येचे असते. १:८७ मध्ये ते दोन मीटरचे झाले. घरातल्या टेबलावर दोन मीटर त्रिज्येचे वळण कुणाला परवडणार? ते ४५ सेंटीमीटरचे करतात. मग इंजिनाने वळावे म्हणून मधल्या चाकांची कड काढून टाकायची किंवा आसांना बाजूला सरकायला जागा ठेवायची.

गंमत म्हणजे खऱ्या रेल्वेलाही ही युक्ती करावी लागली आहे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर वळणे इतकी तीव्र होती, की जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीच्या इंजिनांना टोकाचे आस बाजूला सरकू शकतील अशी खास रचना होती. त्या इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्याने सरकते आस ठेवले, तर ती तडजोड नव्हे, तोच खरेपणा आहे.

अशा फरकांबद्दल कोणालाही दोष देता येत नाही. फक्त ते सांगितले पाहिजेत.

साडेनऊ इंचांचा प्रश्न

दुसरे कारण बाजाराचे आहे. भारतातल्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेत प्रमाणित अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. १:८७ च्या प्रतिकृतींसाठी जगभर जे रूळ विकले जातात, ते साडेसोळा मिलिमीटरचे असतात, कारण १४३५ ला ८७ ने भागले की तेवढे येतात. भारतीय ब्रॉडगेजसाठी हवेत सव्वाएकोणीस मिलिमीटर. तसे तयार रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. मग डब्ल्यूपीचे अंग भारतीय मापाचे आणि पाय परदेशी मापाचे, अशी प्रतिकृती तयार होते. पहिलवानाने पाय जोडून उभे राहावे तसे ते दिसते. मूळ मापात हा फरक साडेनऊ इंचांचा, म्हणजे वीतभर आहे.

विदर्भाच्या वाचकाला यात एक आनंदाची गोष्ट सापडेल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुळांवर धावत असे. १:८७ मध्ये हे अंतर पावणेनऊ मिलिमीटर येते, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा. म्हणजे मुंबई-नागपूर मेलपेक्षा शकुंतलेची प्रतिकृती जास्त खरी होऊ शकते. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले झेडडी जातीचे इंजिन सत्तर वर्षे ही गाडी ओढत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. आता तो मार्गही शांत आहे. एखाद्या शाळेला इंजिनाची प्रतिकृती करायचीच असेल, तर इंग्लंडच्या चित्रातल्या इंजिनाऐवजी हे घरचे इंजिन का करू नये? नॅरोगेज इंजिने जवळून पाहायला नागपूरचे मोतीबाग संग्रहालय आहे. चालत्या प्रतिकृती पाहायच्या तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. हा छंद किती कसोशीने करता येतो, ते तिथे दिसते.

अज्ञानाच्या चुका

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते माफ करण्याजोगे नाही. ते म्हणजे मूळ वस्तूची चौकशीच न करणे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने, हे शाळेत पाठ केलेले असते. त्या पहिल्या इंजिनांना इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बांधले होते. पुढे दोन लहान चाके, मागे चार मोठी जोडलेली चाके, अशी त्यांची रचना होती. पण 'पहिली रेल्वे' अशी पाटी लावलेल्या कितीतरी प्रतिकृतींना भलतीच चाके असतात. शंभर वर्षांनंतरच्या इंजिनाचा बॉयलर, अमेरिकी चित्रपटातले शंकूसारखे धुराडे आणि पुढे गाय हटवण्याची जाळी, असा एकत्र काला केलेला असतो. ठाण्याच्या खाडीपुलावर उभ्या असलेल्या गाडीचे १८५५ च्या सुमाराचे एक छायाचित्रही अनेकदा पहिल्या दिवसाचे म्हणून छापले जाते. दोन वर्षांचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण चित्र पटकन पटते. दवाखान्यात दुसऱ्याच रुग्णाचा एक्स-रे पटण्याजोगा दिसला म्हणून स्वीकारला, तर काय होईल?

याउलट, अज्ञानापोटी खरे तपशीलही चूक वाटू शकतात. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली बार्शीत अडीच फुटी रुळांवर एक प्रयोग यशस्वी केला. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हे सूत्र ठेवून त्यांनी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून इंजिने करून घेतली. पुढे इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात १९०४ साली त्यांनी तशीच छोटी रेल्वे केली, तेव्हा तिथल्या इंजिनांनाही भारतातल्यासारखे भलेमोठे दिवे लावले. इंग्लंडच्या दरीखोऱ्यात त्या दिव्यांचे काय काम, असे वाटून एखादा ते वगळील. बार्शी माहीत असलेला मात्र त्या दिव्याचे नाते ओळखील. मूळ वस्तू समजायला तिचा इतिहास लागतो, तो असा.

आणि मूळ वस्तू तरी एकाच रूपात कुठे राहते? १८५५ सालचे 'फेअरी क्वीन' इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची शान होते. १९९७ पासून ते पुन्हा धावले. नंतर त्याचे भाग चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात ते नव्याने करावे लागले. मग त्याची प्रतिकृती करायची ती १८५५ ची, १९९७ ची की आजची? डॉक्टर रुग्णाच्या कागदावर तारीख घातल्याशिवाय तपासणी लिहीत नाही, कारण माणूस रोज बदलतो. प्रतिकृतीवरही मूळ इंजिनाचे नाव पुरत नाही, कोणत्या सालातले रूप ते लिहावे लागते. डब्ल्यूपीची जी चांदणी आणि सजावट मुंबईच्या गाडीला होती, तीच दिल्लीच्या गाडीला असेल असे धरून चालत नाही. शेडमधले रंगारीही कलावंत होते.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातमध्ये एकतानगर-अहमदाबाद अशी एक वारसा गाडी सुरू झाली. तिचे इंजिन बाहेरून वाफेचे दिसते आणि चालते विजेवर. प्रवाशांना ते आवडते, त्यात वावगे काही नाही. फक्त ती पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, हे मुलांना सांगायला हवे. नाहीतर दहा वर्षांनी 'वाफेचे इंजिन आजोबांसोबत पाहिले होते' असे सांगणारी पिढी तयार होईल.

खरेपणा कशासाठी?

एवढे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक रिव्हेट मोजत बसायचे का? इंग्लंडमध्ये अशा काटेकोर छंदिष्टांना 'रिव्हेट मोजणारे' म्हणून चिडवतात. चिडवले तरी त्यांच्यामुळेच चुका सापडतात, हे विसरू नये. पण प्रश्न रास्त आहे. सगळेच बरोबर होणार नसेल, तर काय बरोबर असायलाच हवे?

वैद्यकशास्त्राने याचे उत्तर खेळण्यांच्याच कारखान्यातून मिळवले आहे. नॉर्वेचे आस्मुन लेर्दाल मुळात खेळणी बनवत. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्यांत त्यांचा हात बसलेला होता. १९६० साली त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक वेगळी बाहुली केली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते शिकवणारी ही बाहुली आज जगभर वापरतात. तिचे पाय, केस, कातडी खऱ्यासारखी नसली तरी चालते. छातीतल्या स्प्रिंगचा दाब मात्र खरा असावा लागतो, कारण पाच ते सहा सेंटीमीटर छाती दाबायला किती जोर लागतो, तेच तर हाताला शिकायचे असते. शरीररचनेच्या चित्रात रोहिणी लाल आणि नीला निळी दाखवतात. नीलेतले रक्त निळे नसते. पण तो संकेत पहिल्याच तासाला सांगितलेला असल्यामुळे कोणी फसत नाही.

थोडक्यात, प्रतिकृती ज्या कामासाठी आहे, त्या कामापुरती ती खरी हवी आणि बाकीचा संकेत उघड सांगितलेला हवा. खेळण्याने पळावे, तेवढे पुरे. शाळेतल्या इंजिनाने वाफ चाकापर्यंत कशी पोहोचते ते दाखवावे. संग्रहालयातल्या इंजिनाने काळ दाखवावा. आणि काळ दाखवायचा म्हटले, की एक मोठी गळती समोर येते. अत्यंत काटेकोर प्रतिकृतींतही ती असते.

पत्र्याखाली काय होते?

वाफेच्या इंजिनाचा जो गुळगुळीत, पट्ट्या मारलेला बॉयलर दिसतो, तो बॉयलर नसतो. ते त्याच्यावरचे पातळ पत्र्याचे आवरण असते. पत्रा आणि बॉयलर यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवणारे अस्तर असते. विसाव्या शतकात जगभर या अस्तरासाठी मोठ्या प्रमाणावर ॲस्बेस्टॉस वापरले गेले. प्रतिकृती करणारा पत्र्यावरच्या पट्ट्या मोजतो, त्यांचे अंतर दहाव्या मिलिमीटरपर्यंत जुळवतो. पत्र्याखाली काय होते, ते कोणी विचारत नाही.

शेडमधल्या आणि कारखान्यातल्या माणसांना मात्र त्या अस्तराशी रोजचा संबंध होता. दुरुस्तीला इंजिन आले की पत्रा निघायचा, अस्तर खरवडले जायचे, नवे थापले जायचे. हवेत जो धुरळा उडायचा, त्यातले तंतू डोळ्याला दिसत नाहीत. ते फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. त्यातून फुप्फुसे आखडण्याचा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ पण घातक कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना निश्चित कर्करोगकारकांत टाकले आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत रेल्वे कारखान्यांतल्या कामगारांमध्ये हे आजार नोंदले गेले आहेत.

या आजारांची खोड अशी, की ते उशिरा येतात. संपर्क आणि आजार यांच्यात वीस, तीस, चाळीस वर्षेही जातात. भारतात ब्रॉडगेजवर वाफेची नियमित वाहतूक १९९५ अखेरीस थांबली. त्या काळात पंचविशी-तिशीत असलेला फिटर किंवा खलाशी आज निवृत्त आहे. म्हणजे त्या कामाचा हिशेब शरीराने मांडण्याची वेळ नेमकी आता आहे. वाफेचे इंजिन संग्रहालयात गेले, तरी त्याचा आजार संग्रहालयात गेलेला नाही.

भारतात अडचण आणखी एक आहे. वयस्कर माणूस दम लागतो म्हणून दवाखान्यात आला आणि एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसले, की पहिला संशय क्षयरोगाचा घेतला जातो. क्षयाचे प्रमाण पाहता तो घेणे योग्यच आहे. पण 'आयुष्यभर काम काय केले?' हा प्रश्न राहून जातो. उपचारांनी पाणी हटले नाही, पुन्हा पुन्हा भरू लागले, छातीत सतत दुखू लागले, तर तो प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि डॉक्टरांनी विचारला नाही, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी आपणहून सांगावे, की ते वाफेच्या शेडमध्ये, बॉयलरच्या कामावर होते. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही या तंतूंचा त्रास झाल्याचे जगभर दिसले आहे, म्हणून पत्नीच्या आजारातही पतीचे काम सांगण्याजोगे असते. धूम्रपान करणाऱ्याला ॲस्बेस्टॉसचा संपर्क झाला असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. अशा माणसाने बिडी-सिगारेट आज सोडली, तरी फायदा आजपासून सुरू होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे जपण्यास सांगितले. ज्या वर्षी ब्रॉडगेजवरचे वाफेचे युग संपले, त्याच वर्षीचा हा निकाल आहे.

घबराटीचे मात्र कारण नाही. स्टेशनबाहेर किंवा बागेत उभ्या केलेल्या जुन्या इंजिनाला हात लावला, त्याच्यापुढे फोटो काढला, म्हणून कोणाला ॲस्बेस्टॉसिस होत नाही. अस्तर झाकलेले आणि अभंग असेल, तर तंतू उडत नाहीत. धोका असतो तो पत्रा गंजून फाटल्यावर, किंवा रंगरंगोटीच्या नावाखाली कंत्राटी मजुराने तोंडाला नुसता रुमाल बांधून ते खरवडल्यावर. म्हणून जुने इंजिन बाहेर मांडताना त्याचे अस्तर तपासले का आणि काढले असल्यास रीतसर काढले का, याची नोंद हवी.

फायरमनचा घाम

अस्तराबरोबर आणखी एक गोष्ट प्रतिकृतीत नसते, ती म्हणजे माणूस. डब्ल्यूपीच्या भट्टीची जाळी सुमारे ४६ चौरस फुटांची होती. ती फायरमन फावड्याने भरत असे. तोंडावर भट्टीची धग, पाठीवर वारा, डोळ्यात कोळशाची कुसे, कानात शिट्टी आणि वाफेचा आवाज. मे महिन्यात भुसावळ ते बडनेरा हा प्रवास त्या पत्र्याच्या केबिनमध्ये कसा होत असेल, याची कल्पना वऱ्हाडातल्या माणसाला वेगळी द्यायला नको. उष्माघात, बहिरेपणा, डोळ्यांच्या जखमा, कंबरदुखी या सगळ्याशी त्या नोकरीची गाठ होती. काही प्रतिकृतींत ड्रायव्हर-फायरमनच्या छोट्या मूर्ती असतात, पण त्यांचे शर्ट पांढरेशुभ्र असतात. इतिहासाचा खरेपणा पाहायचा, तर ही चूक एखाद्या रिव्हेटच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

शाळेत वाफ नको, मोटर चालेल

इथे खरेपणाचा हट्ट उलट धरू नये, हेही सांगितले पाहिजे. 'आमचे इंजिन खऱ्या वाफेवर चालते' असे दाखवण्यासाठी काही मुले तेलाचा किंवा दूध पावडरचा डबा झाळून बंद करतात आणि खाली स्पिरिटचा दिवा लावतात. हे घातक आहे. घरातल्या कुकरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड जादा दाब असतो, आणि तेवढ्यासाठी शिट्टी व सुरक्षा झडप असे दोन पहारेकरी लागतात. डब्ल्यूपीच्या बॉयलरमध्ये तो २१० पौंड असे. तो बॉयलर जाड पोलादाचा होता आणि त्याची ठरावीक काळाने तपासणी होत असे. झाळलेल्या डब्याला ना झडप, ना तपासणी. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढते. नळीचे तोंड बुजले, की डब्याचा बॉम्ब होतो. वाफेने भाजलेले उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट, कारण वाफ त्वचेवर निवताना सोबतची सुप्त उष्णताही सोडते.

म्हणून शाळेत विजेची मोटर किंवा हाताने फिरणारी चाके ठेवावीत, आणि 'मूळ इंजिन वाफेवर चालत असे' असे लिहावे. वाफेचे तयार मॉडेल दाखवायचेच असेल, तर ते चालू झडपेचे असावे, शिक्षकांनी स्वतः चालवावे, मुलांना हातभर लांब ठेवावे आणि दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतू नये. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही. कोणी भाजलेच, तर भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. जुन्या धातूच्या खेळण्यांच्या रंगात, झाळात किंवा वजनासाठी भरलेल्या तुकड्यांत शिसे असू शकते. ती हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही.

पाच ओळींची पाटी

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रतिकृतीसमोर आणि उभ्या केलेल्या प्रत्येक जुन्या इंजिनासमोर पाच ओळींची पाटी असावी. इंजिनाची जात व क्रमांक. कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बांधले. प्रतिकृती असेल तर प्रमाण, आणि कोणत्या सालातले रूप. मुळापेक्षा काय वेगळे आहे आणि का. आणि शेवटच्या ओळीत, त्यावर कोण काम करत होते आणि त्या कामाने त्यांच्या शरीराचे काय केले. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी रंगकामाला जेवढे गुण ठेवले असतील, तेवढेच या चौथ्या-पाचव्या ओळीला ठेवावेत. फरक ओळखून लिहिणारा मुलगा चकचकीत इंजिन आणणाऱ्या मुलापेक्षा जास्त शिकलेला असतो.

पाटीसाठी माहिती कुठे मिळेल, असा प्रश्न पडायला नको. मलकापूर, नांदुरा, शेगाव, भुसावळ या पट्ट्यात ज्यांनी वाफेच्या इंजिनावर हात काळे केले, अशी निवृत्त माणसे अजून आहेत. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झालेल्या खामगावच्या छोट्या मार्गावरही वाफेची इंजिने पिढ्यान्‌पिढ्या धावली. शिक्षकांनी या माणसांना प्रदर्शनाला बोलवावे, मुलांचे इंजिन त्यांच्यापुढे ठेवावे आणि चुका दाखवायला सांगावे. ते आनंदाने दाखवतील. त्याच वेळी त्यांना जिना चढताना दम लागतो का, कोरडा खोकला आहे का, तेही विचारावे. उत्तर 'हो' आले, तर त्यांना जवळच्या सरकारी रुग्णालयात छातीच्या एक्स-रेसाठी आणि श्वासाच्या चाचणीसाठी घेऊन जावे, आणि केसपेपरवर वयाशेजारी त्यांचे जुने काम लिहायला सांगावे.